एकशे अठरा टक्के स्वच्छ

आमच्या प्रयोगशाळेत घाण निळी असते. बाहेरच्या जगात ती काळी, तपकिरी, तेलकट, चिकट अशी नाना तऱ्हांची सापडते, पण तिचं मोजमाप करणं कटकटीचं. म्हणून आम्ही बाटलीतून निळा रंग काढतो, त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर टाकतो आणि त्यालाच घाण म्हणतो. पट्टीवर आमचा लेप आधीच दिलेला असतो. दिवा लावला की लेप तो निळा रंग खातो, तासाभरात काच लख्ख होते, आणि आम्ही एकमेकांकडे असे बघतो की जणू शहरातली सगळी गटारं आत्ताच उपसून आलो.

या लेपावर मी अकरा वर्षं काम करते आहे. टायटॅनियम नावाच्या धातूचा ऑक्साइड, म्हणजे एक पांढरी पूड. पिठासारखी म्हणावी तर पीठ तिच्यापुढे खडीसारखं वाटेल. तिच्यावर ऊन पडलं की ती जागी होते आणि हवेतला ओलावा न् प्राणवायू हाताशी धरून समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचे तुकडे करते. धूर, काजळी, तेल, शेवाळ, काहीही. तुकड्यांचे तुकडे होत शेवटी उरतो थोडा वायू आणि थोडं पाणी. पूड स्वतः मात्र खर्च होत नाही. ना रजा मागते, ना बढती. आमचे प्रमुख प्रत्येक सभेत सांगतात की कर्मचाऱ्यांनी या पुडीचा आदर्श ठेवावा.

प्रमुखांना आम्ही पाठीमागे फीतसाहेब म्हणतो. त्यांच्या टेबलाच्या खणात दोन कात्र्या असतात, एक नेहमीची आणि एक सोनेरी मुठीची. गेल्या वर्षी कॉफीचं यंत्र आलं तेव्हा सोनेरी कात्री बाहेर निघाली, भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं तेव्हा दुरुस्तीनंतर पुन्हा फीत कापली गेली. विज्ञानावर त्यांचं प्रेम आहे. फक्त ते दारापर्यंतचं आहे.

माझे बाबा पेंटर. चित्रकार नव्हेत, पेंटर. हा फरक ते स्वतःच सांगतात. चित्रकार मनात येईल ते काढतो, पेंटर गिऱ्हाईक सांगेल ते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दवाखान्यांचे बाण रंगवले, 'येथे गाडी उभी करू नये' हे वाक्य तर इतक्या वेळा लिहिलं की झोपेतही सरळ रेषेत लिहितील. मग छापील फ्लेक्स आले आणि चाळीस वर्षांचं काम चार वर्षांत उतरवलं गेलं. सगळ्या शहरात त्यांच्या हातची एकच गोष्ट शिल्लक राहिली, ती म्हणजे पोहण्याच्या तलावाची बाहेरची भिंत.

साठ फूट लांब, दक्षिणेकडे तोंड. तिच्यावर निळंशार पाणी, सूर मारणारी माणसं, बरेचसे मासे (पोहण्याच्या तलावात मासे कुठून आले, हे बत्तीस वर्षांत कोणी विचारलं नाही) आणि मधोमध, उडी मारायच्या फळीच्या टोकावर, हात वर करून उभी असलेली एक बाई. ती माझी आई.

आईला पोहता येत नाही. बादलीत पाय बुडवतानाही ती आधी पाणी किती खोल आहे ते बघते. त्या भिंतीसमोरून आम्ही कधीही गेलो की तिचं ठरलेलं असायचं.

"बत्तीस वर्षं उभी केलीये मला यांनी. ना उडी मारू देतात, ना खाली उतरू देतात. आणि हे नाक! एवढं नाक असतं ना, तर मी नुसत्या नाकावर तरंगले असते."

"नाक बरोबर आहे," बाबा म्हणायचे. "मोजून काढलंय."

"कशानं मोजलंत? फावड्यानं?"

अशी ती भिंत. तिच्यासमोर बसचा थांबा. बत्तीस वर्षांत तिच्यावर किती धूर बसला असेल याचा हिशेब कोणीही करावा. आईच्या चेहऱ्यावर काळी झाक आली होती आणि पाणी गटाराच्या रंगाचं झालं होतं.

पण बाबांना ते दिसत नव्हतं, कारण बाबांना काहीच नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षं ते ऑपरेशन पुढे ढकलत होते. विचारलं की म्हणत, "घाबरत नाही गं, वेळ मिळत नाही." निवृत्त माणसाला वेळ नसतो हे आम्ही मान्य केलं होतं. शेवटी एकदा चहात साखर समजून त्यांनी मीठ घातलं, तो चहा सगळा प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की तारीख घ्या. एकच अट घातली.

"पट्टी सुटली की दवाखान्यातून थेट भिंतीकडे न्यायचं. चार वर्षं नुसतं धुकं बघतोय. आधी माझी भिंत बघेन, मग तुमची तोंडं."

मी ठरवलं, त्या दिवशी भिंत लख्ख असेल. नुसती धुतलेली नाही, कारण धुतलेली भिंत त्या बसथांब्यासमोर दोन महिन्यांत पुन्हा काळी होते. कायमची लख्ख. ती कशी ठेवायची हे अख्ख्या शहरात मला एकटीला ठाऊक होतं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

त्याच सुमारास फीतसाहेब भिंत शोधत होते. वरून एक समिती येणार होती आणि तिला काचेच्या पट्ट्या दाखवून तिचं समाधान होणार नव्हतं. मी तलावाची भिंत सुचवली. साहेब येऊन बघून गेले, मान तिरकी करून म्हणाले, "बाईंचं नाक जरा मोठं आहे, पण चालेल."

मी दोन पिंपांची मागणी लिहिली. एक लेपाचं. दुसरं खालच्या थराचं. हा खालचा थर पारदर्शक असतो, वाळूच्या जातीचा, आणि तो नसेल तर सगळाच खेळ खलास. कारण सोपं आहे. आमच्या पुडीला घाण आणि चित्र यांतला फरक कळत नाही. काजळी जशी सेंद्रिय, तसाच ऑइलपेंटला भिंतीशी धरून ठेवणारा चिकटाही सेंद्रिय. वरची काजळी संपली की पूड जेवायला खाली बसते. मध्ये वाळूचा थर असला तर तिचे दात तिथे लागत नाहीत. हे माझ्या स्वतःच्या प्रबंधात पान एकशे चाळीसवर लिहिलेलं आहे. ते पान माझ्याशिवाय कोणी वाचलेलं नाही, आणि पुढे जे झालं त्यावरून मीही वाचलं होतं की नाही अशी शंका येते.

चार दिवसांनी मागणीपत्र खरेदी विभागातून परत आलं. समासात हिरव्या शाईत शेरा होता: 'भिंत अगोदरच अस्तित्वात असल्याने खालच्या थराची आवश्यकता दिसून येत नाही. वरचा थर मंजूर.'

मी कारकुनाकडे गेले. "अहो, खालचा थर नसेल तर लेप चित्र खाईल."

त्यानं चष्मा वर केला. "लेप खातो, असं अर्जात कुठे आहे मॅडम?"

"अर्जात नाही, पण खातो."

"खाणारा माल असेल तर फॉर्म वेगळा."

मग मी फीतसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज आहेत, त्यांचं त्यातलं प्रशिक्षण परदेशात झालंय.

"किती दिवसांत खाईल?"

"ऊन चांगलं असेल तर चार-पाच महिन्यांत दिसायला लागेल."

"समिती गुरुवारी येतेय," ते म्हणाले. त्यांच्या मते हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

इथे मी नाही म्हणू शकले असते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आत्तापर्यंत वाचणाऱ्याला वाटत असेल की कारकून आणि साहेब यांच्या जात्यात मी गरीब बिचारी भरडले गेले. तसं काही नव्हतं. बाबांचं ऑपरेशन बारा दिवसांवर होतं. मला भिंत लख्ख हवी होती आणि ती बारा दिवसांत हवी होती. मी मनाला समजावलं, आधी त्यांना एकदा डोळे भरून बघू दे, मग लेप धुऊन काढू. आता, हा लेप धुऊन निघत नाही हे त्याच्या माहितीपत्रकातलं पहिलं वाक्य आहे. ते मीच लिहिलंय.

मंगळवारी सकाळी बाबा नाश्त्याला बसले होते. भिंतीला लेप देणार हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. बशी चाचपत त्यांनी विचारलं, "काय शास्त्रज्ञबाई, खाली प्रायमर मारणार ना?"

"हो बाबा."

"दोन हात?"

"दोन हात."

खोटं बोलायचंच तर एका हाताने का बोला. आई पाव कापत होती, ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कापायला लागली. तिला प्रायमरमधलं काही कळत नाही. माझ्यातलं सगळं कळतं.

बाबांनी हे विचारलं त्याला कारण होतं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायचे तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. नव्या भिंतीशी पोचलं की डबे उघडायच्या आधी तळहात लावायचा. पूर्ण तळहात, दाबून, खालून वर. मग हात बघायचा. हात कोरा आला तर भिंत जिवंत. हाताला पावडर आली तर भिंत मेलेली. मेलेल्या भिंतीवर रंग द्यायचा नाही, कितीही घाई असो, गिऱ्हाईक कितीही ओरडो. आधी खरवडायची, मग प्रायमर, मग रंग. मी हात लावून त्यांना दाखवायचे आणि ते न्यायाधीशासारखे निकाल द्यायचे. पुढे मी पदव्या घेतल्या, यंत्रं वापरायला शिकले आणि भिंतीला हात लावणं मागासलेपणाचं वाटायला लागलं.

बुधवारी आम्ही भिंत साबणपाण्यानं धुतली. बत्तीस वर्षांचा धूर नाल्यात वाहून गेला आणि खालून बाबांचा निळा रंग असा वर आला की बसथांब्यावरची माणसं रस्ता ओलांडून बघायला आली. आईच्या गालांना रंग आला. नाक होतं तेवढंच राहिलं. मग आम्ही यंत्र लावलं. हातात धरायचं यंत्र असतं, ते भिंतीला टेकवलं की पृष्ठभाग किती उजळ आहे याचा आकडा देतं. बारा जागी टेकवलं, सरासरी काढली आणि त्या धुतलेल्या भिंतीच्या उजळपणाला आम्ही म्हटलं शंभर टक्के स्वच्छ. नंतर लेप फवारला. उजव्या टोकाला एक फुटाची उभी पट्टी तेवढी तुलनेसाठी कोरी सोडली. नियमच आहे तसा. त्या पट्टीत एका माशाचं शेपूट होतं आणि बाबांची सही.

गुरुवारी सोनेरी कात्री निघाली. फीत कापली. समितीतल्या एका गृहस्थांनी मासे कुठून आले ते विचारलं. लेपाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

आणि बारा दिवसांनी ऑपरेशन झालं नाही. बाबांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा, मग डोळ्याचं बघू. साखर खाली यायला पाच महिने लागले, कारण बाबांना नीट दिसत नसलं तरी बिस्किटांचा डबा अचूक सापडायचा. आई डब्याची जागा बदलायची, बाबा वासावर शोधून काढायचे. आणि हे पाच महिने म्हणजे नेमका कडक उन्हाचा काळ. माझी पूड सकाळी सातला कामाला लागायची आणि सूर्य मावळेपर्यंत वर बघायची नाही.

पहिल्या महिन्याचा आकडा आला नव्व्याण्णव. कोरी पट्टी धुरानं एक्याऐंशीवर घसरली होती. फीतसाहेबांनी सगळ्यांना कॉफी पाजली. दुसऱ्या महिन्यात एकशे एक. यंत्राची चूक असेल म्हणून मी पुन्हा मोजलं. तिसऱ्या महिन्यात एकशे पाच. चौथ्यात एकशे अकरा. मी आलेख घेऊन साहेबांकडे गेले.

"सर, शंभराच्या वर कसं जाईल? धुतलेली भिंत म्हणजे शंभर."

"म्हणजे धुण्यापेक्षा आपला लेप जास्त धुतो."

"सर, घाण केव्हाच संपली. यंत्र फक्त उजळपणा मोजतं. आता चित्र पांढरं होतंय."

त्यांनी आलेख हातात घेऊन लांब धरला. "चढता आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

पाचव्या महिन्यात आकडा एकशे अठरा झाला. शोधनिबंध गेला, 'अपेक्षेहून अधिक स्वच्छता' अशा मथळ्यानं, आणि स्वीकारला गेला. चित्र खाल्लं जातंय हे मी एका परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. साहेबांनी तो परिच्छेद उचलून शेवटी 'पुढील संशोधनाच्या दिशा' या शीर्षकाखाली ठेवला. त्या शीर्षकाखाली गेलेली गोष्ट पुन्हा कोणी बघत नाही, आमच्या क्षेत्रातली ती स्मशानभूमी आहे. लेखकांत दुसरं नाव माझं होतं. मी ते काढायला सांगितलं नाही.

भिंतीकडे बघणं मी टाळायला लागले. यंत्र टेकवायचं, आकडा लिहायचा, निघायचं. घरी येताना एक थांबा आधी उतरून चालत यायचे. सूर मारणाऱ्या माणसांचे चेहरे गेले होते, मासे धुक्यात शिरले होते, पाणी दुधात पाणी घातल्यासारखं दिसत होतं. आणि त्या पाच महिन्यांत मी भिंतीला एकदाही तळहात लावला नाही. काय निघेल ते मला ठाऊक होतं. मला लाज वाटत होती, बस्स. तिला शास्त्रीय नाव नाही.

आई एक दिवस बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भिंतीवर मी गोरी व्हायला लागलेय. या वयात."

"ऊन फार आहे यंदा," मी म्हटलं.

"ऊन बत्तीस वर्षं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना तू सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही. नवऱ्याला नाकावरून बोलते ते वेगळं, पण हे मी नाही सांगणार."

मी तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा बाबा पलंगावर बसून बोटांवर दिवस मोजत होते. एकदा म्हणाले, "तो पाण्याचा निळा आहे ना, त्याच्यात मी चमचाभर हिरवा टाकला होता. कोणाच्या लक्षात यायचं नाही, पण त्याच्यामुळेच पाणी खोल वाटतं. तो आधी बघणार." मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि बाहेर आले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. समोर आई होती. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"अगं, तू म्हातारी झालीस!"

"केव्हाच झाले," आई म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, डॉक्टर सांगतील."

त्यांना काळा चष्मा दिला, थेंबांच्या बाटल्या दिल्या, धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. टॅक्सीत बसल्याबरोबर बाबांनी चालकाला तलावाचा पत्ता सांगितला. सगळ्या वाटेत ते दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक फ्लेक्सला शिव्या घालत होते. इतक्या खुशीत मी त्यांना वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय." ते म्हणाले, "आधी पोचू तर दे." आणि टॅक्सी थांबली.

बाबा उतरले. चष्मा काढला. आई म्हणाली, "अहो, ऊन," पण त्यांनी ऐकलं नाही. साठ फूट भिंत त्यांच्यासमोर होती, डागाचा पत्ता नव्हता, खडूनं कोणीतरी काढून ओल्या फडक्यानं पुसावं तशी. फळीवर आईच्या जागी एक फिकट आकार होता. नाक कुठून सुरू होत होतं ते कळत नव्हतं.

मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवंही होतं. ते रस्ता ओलांडून गेले, भिंतीसमोर उभे राहिले आणि उजवा तळहात लावला. पूर्ण तळहात, दाबून, खालून वर. मग हात डोळ्यांसमोर धरला. नव्या डोळ्यानं त्यांनी इतक्या जवळून बघितलेली पहिली गोष्ट ती होती. हात मनगटापर्यंत फिकट निळा झाला होता.

"डोळ्याला लावू नका तो हात," आई मागून म्हणाली.

"प्रायमर?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"नव्हता, बाबा."

"दोन हात म्हणालीस."

"खोटं बोलले. मला घाई होती. तुम्हाला भिंत चांगली दिसायला हवी होती."

एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. बाबा भिंतीच्या कडेनं उजव्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे ती एक फुटाची पट्टी होती, काळीकुट्ट, धुरानं माखलेली, माझ्या आलेखातली सगळ्यात नापास जागा. त्यांनी रुमाल काढला, आईच्या पाण्याच्या बाटलीतून ओला केला आणि पट्टी पुसली. काळं निघालं आणि खालून तो निळा आला. बत्तीस वर्षांपूर्वीचा, चमचाभर हिरवा घातलेला. माशाचं शेपूट आलं. सही आली.

"घाणीनं सांभाळलं," बाबा म्हणाले.

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं ते पान एकशे चाळीसवर होतं.

ते सहीकडे बघत राहिले. "लोकांना वाटेल, हे सगळं असं मीच रंगवलंय." मग रुमालाची घडी घातली. "तुझा माल चांगला आहे हो. काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नाही."

घरी जाताना ते पाट्या वाचत नव्हते. मी रडले, टॅक्सीतच. आईनं मला गप्प केलं नाही आणि मांडीवर हातही ठेवला नाही. ते बरंच झालं.

चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, "महिनाभर मला धूळ चालणार नाही. महिन्यानंतरचा रविवार मोकळा ठेव. शिडी आण, खरवडायचं पातं आण, पॉलिश पेपर आण. आणि प्रायमर. तो मी बघून घेणार आहे, डबा उघडून."

"तुम्ही शिडीवर चढणार?"

"मी कशाला चढू? भिंत मारली कोणी?"

फीतसाहेबांची परवानगी एका मिनिटात मिळाली. शोधनिबंध छापून आला होता, आता भिंतीचं काय करायचंय? त्यांनी फाइलवर 'प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण' असं लिहिलं आणि विचारलं की नव्या रंगाचं उद्घाटन कधी. मी म्हटलं, कळवते.

त्या रविवारी सकाळी मी शिडीवर चढले. बाबा रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या बाकावर, काळा चष्मा लावून. आई शेजारी पाण्याची बाटली घेऊन. मधून एखादी बस यायची आणि ते दोघं दिसेनासे व्हायचे, मग पुन्हा दिसायचे. सही आणि ती फूटभर पट्टी ठेवावी, असं मी सुचवून बघितलं होतं. बाबा म्हणाले, ठेव, रंग जुळवायला लागेल.

माझ्यासमोर आईचा चेहरा होता, म्हणजे जे काही उरलं होतं ते. मी पातं उचललं.

"ए!" पलीकडून बाबा ओरडले. "आधी काय करायचं असतं?"

मी पातं खाली घेतलं. आईच्या गालावर तळहात ठेवला, दाबून, खालून वर ओढला, आणि मागे वळून हात त्यांच्याकडे उंच धरला. एवढ्या लांबून त्यांना पूर्वी शिडीही दिसली नसती.

"मेलेली!" ते ओरडले. "खरवड."

मला ते जमेना. पातं टेकवलं आणि हात तिथेच राहिला. बत्तीस वर्षं ती तिथे उभी होती आणि तिला मारायला मी पाच महिने घेतले होते, वर आकडेही लिहून ठेवले होते.

बाबांनी आईकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत आईकडे. डोळा नवा होता, त्याला सगळंच स्पष्ट दिसत होतं.

"नाक मोठंच काढलं होतं मी," ते म्हणाले. रस्त्यापलीकडे मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं.

आईनं बाटलीचं झाकण लावलं. मग तिनं तोंडाभोवती हात धरले आणि मला हाक मारली.

"ऐकलंस ना? नाकापासून सुरू कर!"

मी नाकापासून सुरुवात केली.